बाबांनी केलेले खून

माझ्या वडिलांनी माझ्या आईचा खून केला तेव्हा मी समोरच उभी होते, आणि मला राग आला तो फक्त एवढ्याचा, की आत येण्याआधी त्यांनी दारात चपला काढल्या.

"कट!" मी ओरडले. "बाबा, तुम्ही खुनी आहात!"

"म्हणून काय घाण पायांनी आत येऊ?" बाबा म्हणाले. "सकाळीच फरशी पुसलीय तुझ्या आईनं."

"दोनदा," जमिनीवर मरून पडलेली आई म्हणाली.

हे सगळं नीट सांगायचं तर व्हीआरएसपासून सुरुवात करावी लागेल. त्या काळात पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमधून स्वेच्छानिवृत्तीची साथ आली होती. स्वेच्छा कंपनीची आणि निवृत्ती माणसाची, असा तो एकूण प्रकार. बाबा क्वालिटी इन्स्पेक्टर होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला माल मोजायचा आणि त्यावर 'रिजेक्ट' असं लाल स्टिकर चिकटवायचं. पास झालेल्या मालासाठीही काहीतरी स्टिकर असायचं म्हणतात, पण बाबांनी ते वापरल्याचं कुणाला आठवत नाही. घरातही तेच. पोळी गोल नाही, भाजीवाल्याचा काटा तिरका, माझ्या अक्षराला वळण नाही. चिडून कधी बोलत नसत. नुसते बघायचे, मान हलवायचे आणि पुढच्या नगाकडे वळायचे.

बाबांची नोकरी गेली त्याच सुमाराला मला हिंजवडीत नोकरी लागली. माझ्या पगारावर कर्ज काढून आम्ही चिंचवडची भाड्याची जागा सोडली आणि कोथरूडला सोसायटीत फ्लॅट घेतला. बी विंग, तिसरा मजला, समोर बाल्कनी. त्या बाल्कनीत बाबांनी एक वेताची खुर्ची टाकली आणि तिच्यात जे बसले ते बसलेच. सकाळी पेपर, दुपारी तोच पेपर, संध्याकाळी त्याच पेपरातल्या जाहिराती. सोबत कारखान्यातून आणलेली, बारीक मापं घ्यायची व्हर्नियर कॅलिपर आणि उरलेल्या लाल स्टिकरांची पिशवी. वर्ष झालं तरी खाली उतरून कुणाशी दोन शब्द बोलले नाहीत.

"बाबा, खाली कट्ट्यावर तुमच्या वयाचे लोक बसतात," मी म्हणायची.

"बसू दे."

"तुम्हीपण जा की."

"जाऊन काय सांगू? कोण म्हणून सांगू?"

मी रोज सकाळी कंपनीच्या बसने जायची, आणि बसमध्ये चढताना वर बाल्कनीकडे बघायचं टाळायची. फार वाईट वाटायचं.

शेवटी एक दिवस आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. आई विदर्भातली. पुण्यात इतकी वर्षं काढून तिची भाषा पार पुणेरी झाली आहे, पण जीव कासावीस झाला की मूळ भाषा वर येते. "वैशू, माणूस वाळून राह्यला ना बाप्पा! यांना कशात तरी गुंतव. काहीही चालेल, पण त्या खुर्चीतून उठव."

'काहीही' हा शब्द तिने वापरायला नको होता. कारण नेमकी त्याच आठवड्यात आमच्या कंपनीत लघुपट स्पर्धेची घोषणा झाली होती, आणि भाड्याने आणलेल्या सीडींवर भुताखेतांचे ढीगभर इंग्रजी सिनेमे बघून मी स्वतःला दिग्दर्शिका समजायला लागले होते. माझ्या शेजारच्या डेस्कवरचा निखिल स्वतःला कॅमेरामन समजत होता. (त्याच्या मामाचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता, एवढाच काय तो पुरावा.) मामाने त्याला शनिवार-रविवारपुरता डिजिटल कॅमेरा द्यायचं कबूल केलं. सोमवारी लग्नाचा मुहूर्त होता, त्यामुळे रविवारी संध्याकाळी कॅमेरा परत.

गोष्ट तर घरातच होती. मी अगदी लहान असताना आम्ही आईच्या माहेरच्या गावी राहायचो. तेव्हा घरोघरी नवानवा गॅस आला होता. त्या भागात एक माणूस फिरायचा. खाकी शर्ट, खांद्याला पिशवी, बोलणं गोड. भर दुपारी दार वाजवायचा, "ताई, गॅसचा रेग्युलेटर बघायचाय," म्हणायचा आणि घरात एकट्या असलेल्या बाईला मारून दागिने घेऊन जायचा. पुढे पकडला गेला, तुरुंगातच मेला. पण त्याआधी कित्येक महिने बायका दुपारी कड्याकुलपं लावून, काखेत पोरं घेऊन बसायच्या. आणि हा माणूस आमच्याही घरी येऊन गेला होता! पोलिसांनी फोटो दाखवला तेव्हा आईने लगेच ओळखला. तो आला, आईने त्याला चहा दिला, चहाबरोबर आपल्या नणंदेच्या बाळंतपणाची हकिकत दिली, आणि तो काहीही न करता निघून गेला. तिच्या मते तिच्या हातच्या चहामुळे. माझ्या मते नणंदेमुळे.

मी बाल्कनीत गेले. "बाबा, एक काम आहे. खुनी हवाय."

बाबांनी पेपर खाली घेतला. वर्षभरात प्रथमच त्यांनी पेपराची घडी घातली!

"स्पेसिफिकेशन काय?" त्यांनी विचारलं.

त्या क्षणापासून आमच्या घरात खुनाची फॅक्टरी सुरू झाली. बाबांनी बोहरी आळीतून खाकी कापड आणून शर्ट शिवून घेतला. मी खुनाचं हत्यार म्हणून पुठ्ठ्याचा पाना करून वर चांदीचा कागद चिकटवला होता, तर व्हर्नियरने मोजून म्हणाले, "हा कुठला पाना? या मापाचा पाना जगात नाही." मग स्वतः रात्रभर बसून अस्सल चोवीस-सत्तावीसचा पाना पुठ्ठ्यात कापला. रक्तासाठी बिटाचा रस लागेल असं मी सहज म्हणाले, तर सकाळी मार्केट यार्डात जाऊन बिटाची अख्खी गोणीच घेऊन आले!

"अहो, एवढं रक्त कुणाचं काढणार आहात?" आई म्हणाली.

"कमी पडायला नको," बाबा म्हणाले. "लाइन थांबते मग."

मी खूश होते. बाबा उठले होते, बोलत होते, भांडत होते. खरी अडचण आईची निघाली. मरणारी बाई म्हणून मी तिला घेतलं होतं (दुसरं कोण फुकट मरणार?), आणि तिने मरायला साफ नकार दिला.

"सिनेमाच्या सुरुवातीला काय लिहिणार आहेस?"

"सत्य घटनेवर आधारित."

"मग मी कशी मरेन? मी मेले नव्हते."

"आई, तू नाही मरत गं. सिनेमातली बाई मरते."

"सिनेमातली बाई त्याला चहा देते ना? चहा मीच दिला होता. चहा देणारी मेली नाही. उगाच खोटं कायले दाखवायचं?"

या मुद्द्यावर दोन दिवस गेले. अखेर, आई जी बाई करणार ती चहा देणार नाही, फक्त पाणी देईल, आणि म्हणून मरेल, असा तोडगा निघाला. "चहा दिला असता तर वाचली असती बिचारी," असं ती नंतर शूटिंगभर निखिलला सांगत होती.

तर असा तो शनिवार उजाडला. चपलांचं मी वर सांगितलंच. दुसऱ्या वेळी बाबा चपला घालून आत आले, पण पायपुसण्यावर इतका वेळ पाय पुसत राहिले की निखिलने कॅमेरा बंद केला. मग संवाद. लिहिला होता, "चूप! आवाज केलास तर याद राख!" बाबांनी पाना उगारला, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपण कृपया आवाज करू नये."

"बाबा!"

"अगं, परक्या बाईशी अरेतुरे कसं करायचं?"

"परकी? ती आई आहे!"

"मग तर मुळीच नाही," बाबा म्हणाले.

एकदाचा पाना बसला, बिटाचा रस उडाला, आई कोसळली, सगळं छान झालं, आणि मी "ओके!" म्हणणार तेवढ्यात बाबांनीच मान हलवली. "रिजेक्ट. डोक्यात मारायचा होता, खांद्यावर लागला." पुढचा खून कोन चुकला म्हणून रिजेक्ट. त्यापुढचा, आई पडताना हसली म्हणून. बिटाने आईची साडी, बाबांचा शर्ट आणि फरशी लालेलाल झाली. आई मेल्या मेल्या म्हणत होती, "ते उरलेलं बीट फेकू नका, कोशिंबीर करते."

निखिल मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "वैशाली, काका खूप गोड आहेत यार. प्रॉब्लेम तोच आहे. बिलकुल भीती वाटत नाही."

आणि इथे मी माझ्या दिग्दर्शनातला सर्वोच्च झटका दिला. मी म्हणाले, "बाबा, तुम्हाला सराव हवा. हा वेश असाच ठेवा, पिशवी घ्या, खालच्या चार घरांच्या बेल वाजवा आणि 'रेग्युलेटर बघायचाय' म्हणा. लोक घाबरतात का बघा. सोसायटीत तुम्हाला ओळखतंय कोण?"

शेवटचं वाक्य मी सहज बोलले, पण ते खरंच होतं. वर्षभर तिथे राहूनही बाबांचा चेहरा कुणाला माहीत नव्हता.

बाबा गेले आणि परतलेच नाहीत. आई बराच वेळ मरून पडली, मग कंटाळून उठली आणि पाणी प्यायली. शेवटी बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरच्या साने काकू, हातात अर्धकच्च्या डाळीचा कुकर.

"तुमचा गॅस चालू आहे का?" त्यांनी विचारलं. "आमचा रिजेक्ट झालाय."

"रिजेक्ट म्हणजे?"

"गॅस कंपनीचा माणूस आलाय. फार कडक. शर्टावर कसलेसे लाल डाग, पण काम चोख. कसल्याशा यंत्रात धरून रबरी पाईप मोजला, रेग्युलेटर काढून ठेवला आणि सिलिंडरला लाल स्टिकर लावून गेला. बदलल्याशिवाय वापरायचा नाही म्हणाला."

"आणि तुम्ही त्याला विचारलं नाहीत, कोण कुठले म्हणून?"

"इतकी वर्षं बोलावतोय तर कुणी फिरकत नाही. एक स्वतःहून आला, तर त्याला ओळखपत्र मागून घालवू?" एवढं बोलून काकूंची नजर आईच्या साडीवर गेली. "हे काय?"

"रक्त," आई म्हणाली.

"अस्सं," काकू म्हणाल्या. "कुकर कुठे ठेवू?"

साने काकूंच्या मागोमाग कणकेची परात आली, परातीमागे तांदळाचं पातेलं आलं, त्यामागे दुधाचं भांडं घेऊन एक आजोबा आले. सगळ्या बी विंगमध्ये संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळेला एकही शेगडी पेटत नव्हती, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खुन्याच्या घरातली तेवढी धडधडत होती! कारण आमचा पाईप बाबांनी तपासलाच नव्हता. घरचा होता ना. आईला तर काय, माणसं दिसली की हात थांबत नाहीत. तिने मोठ्या कढईत सगळ्यांसाठी पोहे टाकले, बिटाची कोशिंबीर ढवळली, आणि सगळ्यांना त्या रेग्युलेटरवाल्या खुन्याची हकिकत, नणंदेसकट, पहिल्यापासून सांगायला घेतली.

"वैशाली, लाइट जातोय," निखिल कळवळून म्हणाला. "मी काय शूट करू?"

"जे दिसेल ते कर!" मी म्हणाले. मला बाबांना शोधायला जायचं होतं, पण स्वयंपाकघरातून बाहेर पडायला वाट नव्हती.

तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. आईच हातातला झारा घेऊन दारापाशी गेली. बाहेर खाकी शर्टातला एक सज्जन माणूस उभा होता. खांद्याला पिशवी. त्याने चपला बाहेर काढल्या, आत पाऊल टाकलं आणि अतिशय गोड आवाजात म्हणाला, "ताई, गॅसचा रेग्युलेटर बघायचाय."

आईने जी किंकाळी फोडली, तशी किंकाळी मी त्याआधी आणि त्यानंतर कुठल्याही सिनेमात ऐकलेली नाही. "ओ माय गं! आला रे आला! तोच आला!"

बाबा तेव्हा वरच्या मजल्यावर कुणाचा तरी पाईप मोजत होते. बायकोचा आवाज ऐकून हा माणूस, ज्याने वर्षभर खुर्ची सोडली नव्हती, एकेक जिना दोन उड्यांत उतरून आला. अंगात बिटाने माखलेला खाकी शर्ट, हातात चोवीस-सत्तावीसचा पाना!

"तिला हात लावशील तर खबरदार!" बाबा गरजले. सकाळपासून मी जो आवाज मागत होते तो हाच! "जिवंत सोडणार नाही!"

त्या सज्जनाने रक्ताळलेले बाबा पाहिले, पाना पाहिला, झारा उगारलेली लालेलाल आई पाहिली, आणि समोर जे दार दिसलं त्यात घुसून आतून कडी घातली. ती आमची बाथरूम होती.

"मला दोन लेकरं आहेत हो!" आतून आवाज आला.

"बाहेर ये!" बाबांनी दारावर पाना हाणला. पाना मधोमध दुमडला.

"हा कोण चोर?" साने काकू ओरडल्या. "आमचे रेग्युलेटरवाले तर हे आहेत!"

"पोलिसांना फोन करा!" दुधाचं भांडं सावरत आजोबा म्हणाले. निखिल स्टुलावर चढून सगळं टिपत होता, आणि मला लाज वाटते सांगायला, त्या गोंधळातही मी त्याला "क्लोजअप घे!" असं ओरडले.

मग सोसायटीचे सेक्रेटरी जगताप धापा टाकत आले. "अरे थांबा! तो खरा मेकॅनिक आहे! तुमचे गॅस बंद म्हणून मीच एजन्सीला फोन करून बोलावलाय!" बाथरूमच्या दाराखालून एक ओळखपत्र हळूच बाहेर सरकलं. जगतापांनी ते उचलून सगळ्यांना दाखवलं. मग सगळी विंग बाबांकडे वळली.

"मग हे कोण?" साने काकूंनी विचारलं.

बाबांच्या हातात दुमडलेला पाना होता. त्यांचा चढलेला आवाज पार खाली आला. "मी इथेच राहतो," ते म्हणाले. "याच घरात. वर्ष झालं."

"खून करायला निघालो होतो," बाबा हळूच म्हणाले. "पाईप बघून राहवलं नाही."

मी घाईघाईने सिनेमा, स्पर्धा, सराव, सगळं सांगितलं. मेकॅनिकला बाहेर काढून चहा दिला. (त्याने कप घेण्याआधी आईने तीनदा त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.) बिचाऱ्याने सगळ्या विंगचे रेग्युलेटर पुन्हा बसवले. बाबांनी रिजेक्ट केलेला प्रत्येक पाईप उत्तम स्थितीत होता. सगळ्या विंगमध्ये बदलायला झालेला पाईप एकच निघाला, आमचा.

लोक आपापले कुकर घेऊन गेले. जाताना फार कुणी बोललं नाही. जगताप तेवढे म्हणाले, "रिकामा वेळ असेल तर सांगत जा, सोसायटीत कामं खूप आहेत." पुण्यात हे वाक्य आमंत्रण म्हणून म्हटलंय की टोमणा म्हणून, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं असतं. बाबांनी टोमणा ठरवलं. त्यांनी खाकी शर्ट काढून त्याची घडी घातली आणि खुर्चीत जाऊन बसले.

"तुझीपण पंचाईत केली मी," ते मला म्हणाले. "राहू दे आता ते."

सिनेमा गेला याचं मला दुःख झालं, नाही असं नाही. पण मला खरं रडू आलं ते त्यांना पुन्हा त्या खुर्चीत बघून. उठवायला गेले होते, आणि आधीपेक्षा खोल बसवून ठेवलं होतं. आता लोक त्यांना ओळखणार होते, पण कसे!

रविवारी सकाळी उठले तर खुर्ची रिकामी. घरात बाबा नाहीत, खाकी शर्टही नाही.

"ओ माय! गेले कुठं?" आई म्हणाली. आम्ही दोघी बाल्कनीतून वाकून पाहिलं. खाली पार्किंगमध्ये वीस-पंचवीस माणसं जमली होती आणि मधोमध खाकी शर्टातले बाबा. मी पायात आल्या त्या चपला घालून खाली धावले. (एक माझी, एक निखिलची. त्याची कालच्या गडबडीत आमच्याकडेच राहिली होती.)

झालं होतं ते असं. बाबा पहाटेच उठले होते. "मी लावलेली स्टिकरं मीच काढणार," असं ठरवून, वाटीत कोमट पाणी आणि पटाशी घेऊन ते एकेका दाराची बेल वाजवत निघाले. चूक झाली, माफ करा, म्हणायचं आणि सिलिंडर खरवडायला बसायचं. आता कुणी घरात बसून सिलिंडर खरवडत असेल तर त्याच्याशी बोलावंच लागतं. लोकांनी विचारलं, आधी काय करायचात? बाबांनी कारखान्याचं सांगितलं. व्हीआरएसचं सांगितलं, ज्याबद्दल ते आमच्याशीसुद्धा कधी धड बोलले नव्हते. त्यात तिथल्या दोघातिघांनी स्वतःच व्हीआरएस घेतलेली निघाली. मग सिनेमाचं सांगितलं, आणि तिथून मामला हाताबाहेर गेला.

"तुमच्या आईंना नीट मरता येत नाही म्हणे," साने काकू मला म्हणाल्या. "मला येतं. कॉलेजच्या नाटकात मी मेले होते."

"मी जिन्यावरून गडगडत मरीन," जगताप म्हणाले. "हातात नोटीस असू द्या. सेक्रेटरी म्हणून कळायला हवं."

"मला खाली बसवत नाही," कालचे दुधाच्या भांड्यावाले आजोबा म्हणाले. "सोफ्यावर मारणार असाल तर येतो."

मी बाबांकडे वळले. "बाबा, खऱ्या खुन्याने एवढे खून केले नव्हते हो!"

"मग त्याचं कमी पडलं," बाबा म्हणाले. "चल, संध्याकाळी कॅमेरा द्यायचाय ना? निखिलला फोन कर. मी सगळ्यांना तपासून घेतलंय. पास आहेत."

त्या रविवारी आमच्या सोसायटीत खून करून घ्यायला रांग लागली. ए विंगचे लोक येऊन "फक्त बी विंगलाच का?" म्हणून भांडले, तेव्हा त्यांच्यातलेही पाच-सहा घेतले. कुणी मरताना इस्त्रीची साडी नेसली, कुणी मरायच्या आधी खुन्याला लाडू दिला. एका काकांनी मेल्यावर डोळे उघडून विचारलं, "माझं झालं का? मंडईत जायचंय." बीट दुपारीच संपलं. बाबा घामाघूम होऊन मजल्यामजल्यावर पाना चालवत होते आणि प्रत्येक खुनानंतर मेलेल्याला हात देऊन उठवत होते. संध्याकाळी कॅमेरा वेळेवर परत गेला.

कंपनीच्या स्पर्धेत आमच्या सिनेमाचं काय झालं ते विचारू नका. पण गणेशोत्सवात जगतापांनी तो पार्किंगमध्ये पांढरी चादर लावून दाखवायचं ठरवलं. सुरुवातीला 'सत्य घटनेवर आधारित' अशी अक्षरं आली, त्याबरोबर आई उभी राहून सगळ्यांना सांगायला लागली की खरं तर असं झालं नव्हतं. तिला खाली बसवलं. पडद्यावर बाबा दिसले आणि मुलं ओरडली, "काका आले!" प्रत्येक खुनाला टाळ्या. ज्याचा खून त्याच्या घरच्यांच्या जरा जास्त. आईची किंकाळी आली तेव्हा मात्र सगळं पार्किंग क्षणभर गप्प झालं, आणि लगेच बाथरूमच्या दारावर पाना दुमडला तशी लोक हसता हसता खुर्च्यांवरून पडायचे राहिले. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही बाजूंना व्हीआरएसवाले मित्र घेऊन बसले होते. आता सकाळी ते घरात सापडत नव्हते. सोसायटीची पाण्याची टाकी, लिफ्ट, मांडव, सगळ्याची तपासणी त्यांच्याकडे होती. बाल्कनीतल्या खुर्चीवर आई ओले कपडे वाळत घालायला लागली होती. मी लांब खांबाला टेकून त्यांच्याकडे बघत होते, आणि माझ्या भयपटाला सगळे पोट धरून हसत असताना मला इतका आनंद का होतोय ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

सिनेमा संपला. ए विंगमधल्या एक काकू, ज्यांना मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पदराने डोळे पुसत माझ्यापाशी आल्या. "कित्ती हसवलंत हो! यातला तुमचा खून कुठला? मला ओळखू नाही आला."

"मी दिग्दर्शिका," मी म्हणाले.

"हो का?" काकूंना माझी दया आली. "म्हणजे एवढ्या सगळ्यांत तुमचा तेवढा खून दाखवलाच नाही!"

"दाखवलाय ना काकू," मी म्हणाले. "पहिल्यापासून शेवटपर्यंत माझाच तर चाललाय!"